एकाच हॉटेलात कुणाला अमृत, कुणाला वैताग: असं का होतं?

प्रश्न: रत्नागिरीत आमच्या घराजवळ दोनेक वर्षांपूर्वी एक भारी रेस्टॉरंट सुरू झालं. कोकणी-मालवणी मासे, एसी, ऑर्डर घेणारा कॅप्टन, मंद दिवे आणि दरही तसेच. निम्मी कॉलनी त्याला डोक्यावर घेते, उरलेली म्हणते शुद्ध लूट. आम्ही दोनदा गेलो. नोव्हेंबरात एका बुधवारी दुपारी जेवलो, ते जेवण अजून आठवतं. मग मेच्या शेवटच्या शनिवारी रात्री पाहुण्यांना घेऊन गेलो. तेव्हा पाऊण तास ताटकळलो. सुरमई कोरडीठाक, पापलेट काट्याजवळ कच्चं, सोलकढी म्हणजे गुलाबी पाणी, वर बिलात सर्व्हिस चार्ज. आता डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत. बारा माणसं, त्यातली चार शाकाहारी. बाबांना तिथेच जायचंय. जावं का? आणि एकाच हॉटेलाबद्दल लोक इतकं उलटसुलट का बोलतात?

उत्तर: जा. फक्त शनिवारी रात्री जाऊ नका, आणि तिथे जाऊन मेन्यू कार्ड उघडून बसू नका.

मी या धंद्यात उभं आयुष्य काढलं. आधी किचनमध्ये, मग बाहेर मॅनेजर म्हणून, आता दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांना कार्ड आणि किचन लावून हवं असतं त्यांच्याकडे जाते. तुमचं हॉटेल कोणतं हे मला माहीत नाही, पण तुम्ही सांगितलेल्या दोन तारखा वाचल्या आणि बाकीचं जेवण जवळपास मलाच सांगता आलं असतं. तुमची कॉलनी भांडतेय ती चवीवरून भांडत नाही. एकजण आठवड्याच्या मधल्या दुपारी गेलेला असतो, दुसरा सुट्टीच्या रात्री. दोघं खरंच वेगवेगळं जेवलेले असतात.

मुळात गोची त्या छापील कार्डाची आहे. आपल्याकडची साधी खाणावळ घ्या. तिथे कार्ड नसतंच, असली तर खडूने लिहिलेली पाटी. आत शिरलात की मालवणात बाई सांगते, "आज इसवण (म्हणजे सुरमई) नाय, बांगडे ताजे हत, देऊ काय?" तुम्ही हो म्हणता, बांगडा येतो, तो चांगलाच असतो, कारण सकाळी बंदरावर जे बरं दिसलं तेवढंच तिने घेतलंय. महागड्या हॉटेलात जाड कागदाचं, सोनेरी अक्षरांचं कार्ड असतं आणि त्यावर सुरमई, पापलेट, हलवा, कोळंबी, खेकडा बाराही महिने हजर. समुद्राला ते कार्ड माहीत नाही.

मालकालाही हे कळत असतं. पण पुण्याहून सहा-सात तास गाडी हाणून आलेला माणूस पापलेट डोक्यात घेऊन आलेला असतो. त्याला "आज नाही" म्हटलं की तो उठून शेजारच्या हॉटेलात जातो, निदान मालकाला तशी धास्ती असते. म्हणून "नाही" म्हणायचं नाही, असा अलिखित नियम होतो. आणि "नाही" म्हणायचं नाही ठरलं की फ्रीझर भरावा लागतो.

पापलेटचंच पाहा. 2023 मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्य मासा ठरवलं, ते काही तो मुबलक आहे म्हणून नाही. पूर्वीसारखा तो मिळत नाही, आकारही घटला, लहान पिल्लंच जाळ्यात येतात, ही काळजी त्यामागे होती. त्याच वर्षी किती आकाराच्या आतले मासे पकडू नयेत याचेही नियम राज्याने काढले. आता अशा माशाचं नाव कार्डावर पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरांत. ताटात काय येणार? चांगला दिवस असला तर चांगलं. नसला तर हातभर मोठ्या बशीत तळहाताएवढा मासा, आणि बाजूला गाजराचं फूल.

फ्रीझरला मी वाईट म्हणत नाही. नीट गोठवलेला मासा हा बर्फाशिवाय उन्हात पडलेल्या "ताज्या" माशापेक्षा कधीही बरा. उणे 18 अंशांवर ठेवलेली सुरमई आदल्या रात्री खालच्या फ्रिजमध्ये काढून ठेवली, सकाळपर्यंत हळूहळू सुटू दिली, पुसून मसाला लावला, तर दहातल्या सात गिऱ्हाइकांना फरक कळत नाही. घोळ होतो तो रात्री नऊ वाजता. संध्याकाळसाठी काढलेले तुकडे संपतात, अजून बाहेर टेबलं भरलेली असतात. मग पोरगा फ्रीझरमधून दगडासारखे तुकडे काढतो आणि नळाखाली धरतो. बाहेरून मऊ होतात, मधे बर्फच. तव्यावर पडले की सगळं पाणी सुटतं, मसाला वाहून जातो, आणि आत उरतो तो चोथा. तुमची कोरडीठाक सुरमई बहुतेक हीच. कोकणात जन्मलेल्या माणसाला हे पहिल्या घासात कळतं, मग तो म्हणतो "लुबाडलं". मुंबईहून आलेल्याला कळतंच असं नाही, तो म्हणतो "थोडी ड्राय होती, पण अॅम्बियन्स मस्त". झाली की दोन मतं.

आता मेचा शेवट. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्याआधीच, मेच्या शेवटच्या आठवड्यात, वारा फिरतो, समुद्र खवळायला लागतो, खलाशी गावाला निघतात, बऱ्याच बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. म्हणजे मासा कमी. आणि शाळांच्या सुट्टीतला मेचा शेवटचा शनिवार म्हणजे पर्यटक सगळ्यांत जास्त. मिरकरवाडा बंदरात त्या दिवसांत भाव ऐकला तर हॉटेलवाल्याची बाजूही समजेल. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जून, म्हणजे तिकडचा मासाही मेमध्ये नाही. तो जूनच्या उत्तरार्धात बर्फातून यायला लागतो. म्हणून गंमत अशी, की जुलैच्या धो धो पावसात रत्नागिरीत जी "आजची ताजी सुरमई" सांगतात ती कदाचित आंध्रची किंवा तमिळनाडूची असते. खोटं बोलतात ते एवढ्यासाठीच की कार्डावर सुरमई आहे.

चांगल्या हॉटेलने पावसाळ्यात कार्ड बाजूला ठेवावं असं माझं ठाम मत आहे. खाडीतले खेकडे आणि लहान मासे, सोडे (सुकी कोळंबी) घातलेला भात, सुका बांगडा, टाकळा, फोडशी, भारंगी या रानभाज्या. हे सगळं त्या दोन महिन्यांत मिळतं आणि मुंबईत याला मोल आहे. पण बहुतेक मालकांना वाटतं की सुक्या बांगड्याने आपला दर्जा उतरेल. दर्जा उतरतो तो नळाखाली धरलेल्या सुरमईने, हे त्यांना सांगून मी थकले.

बंदरावरून आजच आलेला मासासुद्धा एका जातीचा नसतो. मोठे ट्रॉलर चार-चार, पाच-पाच दिवस समुद्रात असतात. आज उतरलेला मासा पहिल्या दिवशी पकडलेला असू शकतो, बर्फ भरपूर असेल तर तरीही तो उत्तम असतो. छोट्या होड्या आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) यांचा मासा मात्र त्याच दिवसाचा. हर्णै बंदरात संध्याकाळी लिलाव चालतो तो पाहिला असेल तर आठवा, एकाच वाळूवर दोन टोपल्यांच्या भावात केवढा फरक पडतो. हॉटेलचा खरेदीवाला कोणत्या टोपलीपाशी थांबतो, यावर तुमचं जेवण निम्मं ठरलेलं असतं. म्हणून कुणाला विचारायचंच असेल तर "ताजं आहे का?" असं विचारू नका, त्याला उत्तर एकच. "आज बंदरावरून काय घेतलंत?" असं विचारा. कॅप्टनने पटकन दोन-तीन नावं घेतली, आणि त्यात मुडदुशी, सौंदाळे, कर्ली असं एखादं कार्डाबाहेरचं नाव आलं, तर निर्धास्त बसा. "सगळंच फ्रेश आहे सर" म्हणाला तर चिकन मागवा.

दुसरी गोष्ट तव्याची, आणि ही हॉटेलात काम न केलेल्यांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे प्रत्येकाला रवा लावून तळलेला मासाच हवा असतो. थाळीत एक तुकडा, शिवाय वेगळी एक प्लेट. आता आतला तवा केवढा? मोठ्यातला मोठा तवा घेतला तरी त्यावर एका वेळी दहा-बारा तुकडे बसतात, अख्खं पापलेट असेल तर तीन-चार. मध्यम आचेवर सुरमईच्या तुकड्याला दोन्ही बाजू मिळून आठ-दहा मिनिटं लागतात, अख्ख्या पापलेटला त्याहून जास्त. बुधवारी दुपारी पाच टेबलं असतात, तवेवाल्याला निवांतपणा असतो, प्रत्येक तुकडा तो हवा तेव्हाच उलटतो. शनिवारी रात्री साडेआठ ते नऊ या अर्ध्या तासात वीस टेबलांच्या ऑर्डरी एकदम आत पडतात आणि प्रत्येकीत तीन-चार फ्राय. हिशोब करा, कुणाचा तरी मासा तासाभराने येणार.

मग बाहेरून कॅप्टन ओरडतो, आत तवेवाला गॅस मोठा करतो. रवा दोन मिनिटांत तांबूस होतो, दिसायला छान, मासा पासवर, म्हणजे वाढप्यांच्या खिडकीवर जातो. आत काट्याजवळ तो गुलाबीच असतो. म्हणजे "उशीर झाला" आणि "कच्चं होतं" या तुमच्या दोन तक्रारी एकाच तव्यातून निघाल्या. याला उपाय म्हणजे दुसरा तवा, दुसरा माणूस, किंवा टेबलं अर्ध्या-अर्ध्या तासाने बसवणं. तिसरा उपाय फुकटचा आहे, पण बाहेर रांग दिसत असताना आत रिकामं टेबल ठेवायला मालकाची छाती होत नाही.

वडे आणि घावन यांचंही हेच. गरम वडा फुगतो, दहा मिनिटांनी चामडं होतो. गर्दीत ते आधी तळून ठेवतात, दुसरा मार्ग नसतो. घावन मात्र मी गर्दीच्या रात्री कार्डावरून काढूनच टाकायला लावते.

माणसांबद्दलही थोडं. कोकणातल्या मोठ्या हॉटेलांच्या किचनमध्ये आज पुष्कळ पोरं नेपाळ, ओडिशा, झारखंड, बिहारकडची आहेत. त्यांच्या हाताला मालवणी चव येत नाही असं म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही. शिकवलं की येते, आणि माझ्या पाहण्यातले तवेवाले तर बहुतेक तिकडचेच. अडचण आहे ती सुट्ट्यांची. गावची माणसं शिमग्याला आणि गणपतीला घरी जाणार म्हणजे जाणार, पगार कापा नाहीतर नोकरी काढा. नेमके गणपतीतच चाकरमानी आलेले असतात. दिवाळीनंतर लगेच छठ येते, तेव्हा बिहारची पोरं निघतात, आणि दिवाळीची सुट्टी हाच इथला पर्यटकांचा हंगाम. त्या आठवड्यात भांडी घासणारा तव्यावर उभा असतो. मी स्वतः कुणाच्या हॉटेलबद्दल मत बनवायचं असेल तर हे आठवडे धरत नाही.

मसाला आणि वाटण हे बहुतेक ठिकाणी अजून इथल्या बायकांच्याच हातात आहे आणि म्हणून रस्सा सहसा बिघडत नाही. बिघडतो तो संध्याकाळचा. सकाळी नारळ खवून, भाजून केलेलं वाटण दुपारी संपलं, की संध्याकाळचं घाईत होतं. बायका तर पाच-सहाला घरी गेलेल्या असतात. ओल्या नारळाच्या जागी पुड्यातली पावडर आली की रस्सा दाट दिसतो पण जिभेवर पिठूळ लागतो. सोलकढीचंही तेच. आगळ (कोकमाचा रस) आणि नारळाचं दूध एकत्र केलं की ती काही तासांचीच सोबतीण, फार वेळ ठेवली की फाटते. दुपारची सोलकढी रात्रीपर्यंत पुरवायची म्हणजे पाणी घालायचं. तुम्ही म्हणता ते गुलाबी पाणी. माझा अनुभव असा की कुठल्याही कोकणी हॉटेलची परीक्षा रात्रीच्या सोलकढीवर करावी. ती नीट असेल तर आत कुणाचं तरी लक्ष आहे.

इथे एक जरा वेगळी पण महत्त्वाची गोष्ट. बांगडा, कुपा, सुरमई या जातीचे मासे बर्फाशिवाय काही तास गरम जागी राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून किंवा तळून जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल, जीभ चुरचुरणं, अंगावर गांधी, डोकं ठणकणं. लोकांना वाटतं माशाची अॅलर्जी झाली, जन्मभर बांगडा सोडतात. अॅलर्जी नसते, तो मासा नीट ठेवलेला नसतो. बांगडा तोंडात टाकताच तिखट मिरीसारखं चुरचुरलं तर घास गिळू नका, प्लेट परत पाठवा आणि मॅनेजरला सरळ सांगा. त्रास झालाच तर डॉक्टरांना काय खाल्लं तेही सांगा.

शाकाहाऱ्यांविषयी तुम्ही फक्त आकडा दिलात, पण माझ्या मते तुमच्या कॉलनीतली बरीचशी नाराजी तिथूनच येत असेल. समुद्रकाठच्या महागड्या हॉटेलांत शाकाहारी माणसाचे हाल असतात. पनीर मखनी, व्हेज कोल्हापुरी, हाका नूडल्स. पनीर फ्रीझरमधलं, ग्रेव्ही तीनच आणि त्याच तीन ग्रेव्ह्यांत पंधरा नावं. हे कोकणात व्हावं याची मला लाज वाटते. काळ्या वाटाण्याचं सांबारं, डाळिंब्यांची उसळ, केळफुलाची भाजी, अळूचं फदफदं, हंगामात ओल्या काजूगरांची उसळ आणि कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी. किचनमधल्या बायका स्वतःच्या डब्यात हेच आणतात! मालक म्हणतो, पर्यटक मागत नाहीत. कार्डावर नाही तर मागणार कसे?

यातूनच एक सरळ नियम निघतो. ज्या हॉटेलात जे सगळ्यांत जास्त खपतं तेच तिथे चांगलं मिळतं, कारण ते रोज आणलं जातं आणि रोज संपतं. दीडशे पदार्थांच्या कार्डात खपणारे वीस असतात. मासळीच्या हॉटेलात बटर चिकन मागवून "काही खास नाही" म्हणणारे आणि बांगड्याचं तिखलं खाऊन खूश होणारे, दोघंही तुमच्या कॉलनीत असणार.

दिवे, गाणी, काळ्या चौकोनी प्लेटा यांवर मी वेळ घालवत नाही. सोलकढीचा फेस काढून काचेच्या चमच्यात देणाऱ्यांना देव सुबुद्धी देवो.

दरांबद्दल मात्र बोलायला हवं, कारण "लूट" हा शब्द तिथून येतो. आमच्या धंद्यात पदार्थाच्या विक्रीच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा साधारण एक तृतीयांश धरतात. बाकी पगार, भाडं, गॅस, वीज, कर्जाचा हप्ता. मोठ्या माशांत हे प्रमाण साधतच नाही, मासाच इतका महाग. म्हणून पापलेटवर मालक फारसं कमावत नाही, तो कमावतो सोलकढी, भात, कोशिंबीर आणि चिकनवर. तरीही तुम्हाला लुटल्यासारखं का वाटतं? बहुतेक वेळा कार्डावर किंमत नसते म्हणून. तिथे "आकारानुसार" असं लिहिलेलं असतं. आकारानुसार दर लावण्यात गैर काही नाही, रोजचा भाव रोज बदलतो. पण मासा आधी दाखवावा, तुमच्यासमोर वजन करावं, ते वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं ते सांगावं, आणि आकडा बोलावा. डोकं, पोट, पर काढल्यावर बरंच वजन जातं. ही चार वाक्यं कॅप्टन बोलला तर बिलावर भांडण होत नाही. नाही बोलला तर तुम्ही विचारा, त्यात कमीपणा कसला? बाजारात आपण विचारतोच की.

सर्व्हिस चार्जचं उत्तर सरळ आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलने तो आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला त्या सूचना कायम ठेवल्या. तेव्हा शांतपणे "हे काढून द्या" म्हणा, शहाणा मॅनेजर काढून देतो. नाहीच काढलं तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जीएसटी वेगळा. साध्या रेस्टॉरंटला तो 5 टक्के, म्हणजे अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा, तो द्यायचाच. महागड्या खोल्यांच्या मोठ्या हॉटेलातलं रेस्टॉरंट असेल तर 18 टक्के लागू शकतो. आणि पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त लावले म्हणून कुणी भांडायला उठलं तर त्याला खाली बसवा. टेबलावर आणून देण्याची सेवा त्यात आहे म्हणून तसं करता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच दिलाय. साधं पाणी मागा, तेवढंच सोपं.

सर्व्हिस चार्ज काढायला लावलात तर टीप मात्र हातात द्या, आणि तवेवाल्याला पाठवा म्हणून सांगा. त्याच्यापर्यंत सहसा काही पोचत नाही.

आता आई-बाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. महिना डिसेंबर, म्हणजे मासळीच्या बाजूने तुम्ही नशीबवान आहात. फक्त 24 तारखेपासून 1 जानेवारीपर्यंतचे दिवस टाळा, तेव्हा सगळी किनारपट्टी मेच्या शनिवारासारखीच असते. खरी तारीख त्यात येत असेल तर जेवण आठवडाभर अलीकडे घ्या. वार बुधवार किंवा शुक्रवार. इथली माणसं त्या दिवशी मासे खातात, म्हणून बाजारात माल असतो, आणि पर्यटक अजून पोचलेले नसतात. संकष्टी घरात कोण पाळतं ते आईंना आधी विचारा, नाहीतर बारातले सहा जण ऐनवेळी साबुदाणा मागतील. वेळ दुपारची साडेबारा. दीड नको, दीडला सगळे येतात.

चार दिवस आधी स्वतः जा, फोनवर नको. जेवणाच्या वेळी नाही, दुपारी चारच्या सुमारास, तेव्हा शेफ मोकळा असतो. मॅनेजर आणि शेफ दोघांना एकत्र बसवा आणि सांगा की बारा जण आहोत, कार्डावरून ऑर्डर देणार नाही, सगळं आधी ठरवू. बारा माणसांनी बारा वेगळे पदार्थ मागितले की कोणतंही किचन कोसळतं, सहा जण जेवून होतात तेव्हा सातव्याचं ताट येतं. त्यापेक्षा मधोमध वाडगे ठेवून सगळ्यांनी वाढून घ्यायचं. सुरुवातीला तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि कोळंबी, त्यांना तवा लागत नाही. तळलेला मासा एकाच जातीचा घ्या आणि दोन खेपांत आणायला सांगा, म्हणजे सगळ्यांना गरम मिळेल. कोणता मासा ते आज ठरवू नका. शेफला म्हणा, "सकाळी बंदरावर जो चांगला दिसेल तो घ्या, फक्त भाव मला फोन करून सांगा." हे वाक्य ऐकून खूश झाला तर तो शेफ चांगला. कार्ड पुढे सरकवून "सर, पापलेटच घ्या ना" म्हणाला तर तुमची कॉलनी भांडते ते कशावरून हे तुम्हाला तिथेच कळेल. मग बाबांची समजूत घालून दुसरीकडे न्या.

आई-बाबांचं वय पाहता काट्यांचा विचार करा. कर्ली चवीला कितीही गोड असली तरी त्या दिवशी नको. रश्शासाठी सुरमईचं डोकं-शेपूट बाजूला ठेवून मधले तुकडे मागा, किंवा मोरी (शार्क) मिळाली तर मोरीचं मटण करायला सांगा, त्यात मधला कणा सोडला तर काटे नसतात. तिखट कमी सांगायचं असेल तर मसाला वाटण्याआधी सांगावं लागतं, टेबलावर बसून सांगून उपयोग नाही. चार शाकाहाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि डाळिंब्यांची उसळ असं नावानिशी मागा. वाटाणे आदल्या रात्री भिजवावे लागतात, म्हणूनच चार दिवस आधी जायचं. शाकाहारी पदार्थांसाठी वेगळी कढई, वेगळं तेल हवं हेही तेव्हाच बोला. वडे चार-चार करून आणा म्हणावं. सोलकढी त्याच दुपारी काढलेली हवी, आणि ती शेवटी नको, जेवणाबरोबर.

बसायची जागाही त्याच फेरीत पाहून या. भारी हॉटेलांत मऊ, खोल सोफे असतात, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्यातून उठता येत नाही आणि ताटापर्यंत हात पोचत नाही. पाठ असलेल्या साध्या खुर्च्या मागून घ्या, एसीच्या झोताखाली नसलेलं टेबल घ्या. आगाऊ रक्कम मागतील ती द्या, पण पावतीवर जेवणाचे पदार्थ, माणशी दर आणि "सर्व्हिस चार्ज नाही" असं लिहून घ्या. केक बाहेरून आणू देतात का तेही विचारा, काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे लावतात. मी तुमच्या जागी असते तर केकऐवजी उकडीचे मोदक सांगितले असते. मात्र ते त्यांच्याकडे कोण करतं ते विचारून मगच, आणि बाहेरून तयार आणणार असतील तर घरूनच न्या.